कौतिकअक्काची निळी चिंधी

लग्नाच्या मांडवात शिरल्यावर बाया आधी काय बघतात? नवरीचा शालू, वरमाईचं तोंड, जेवणाची पंगत. कौतिकअक्का आधी पाण्याच्या जारकडे जायची. ग्लासात दोन घोट पाणी घ्यायची, कमरेची पिशवी सोडून तिच्यातून बोटभर लांबीची निळी चिंधी काढायची आणि त्या पाण्यात बुडवायची. मग चिंधी उजेडाला धरून, एक डोळा बारीक करून, सोनार पारख करतो तसं बघायची. चिंधी निळीच राहिली की ते पाणी गटागटा प्यायची आणि मग नवरी बघायला जायची.

एकदा आमच्या कॉलनीतल्या लग्नात वरमाईनं हे पाहिलं. तिला वाटलं ही कोण बाई पाण्यात काही करणी-बिरणी करते आहे. धावत आली आणि चारचौघींत विचारलं, काय टाकलं तुम्ही पाण्यात? दुसरी एखादी शरमेनं मेली असती. अक्कानं शांतपणे चिंधी पिळली, पिशवीत ठेवली आणि म्हणाली, "मी काई टाकं नई, इहीनबाई. कोनी टाकं का ते देखी ऱ्हायनू." वरमाई जारचं झाकण लावून निघून गेली. मी पदर तोंडाला लावून हसत होते. तेव्हा आमची ओळख होऊन दोनेक वर्षं झाली असतील.

ओळख झाली ती चोरीतून. जळगावच्या पिंप्राळ्यात आमच्या घराच्या कुंपणावर गोकर्णीचा वेल आहे, निळ्याशार फुलांचा. एका सकाळी मी ओट्यावर शिलाई मशीन काढून बसले, तर एक काळीसावळी, उंच, हातापायांनी दणकट म्हातारी ओटी भरभरून फुलं तोडत होती. मी म्हटलं, अहो बाई, दोन-चार तरी ठेवा माझ्या देवाला. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. "तुना देवले चार ठेयात. मना देवले जास्ती लागतस," म्हणाली. मी विचारलं, तुमचा कुठला देव एवढा? तर म्हणाली, "मना देव बाटलीमा शे."

मला वाटलं बाई जरा सरकलेली आहे. संध्याकाळी ती स्वतःच बाटली घेऊन आली. फुलं गरम पाण्यात टाकून काढलेला तो अर्क होता, शाईसारखा निळा. माझ्या हातात लिंबू दिलं, म्हणाली पिळ. मी दोन थेंब पिळले आणि निळ्याचं गुलाबी झालं. मग तिनं नखावर तंबाखूचा चुना घेतला, दुसऱ्या वाटीत ढवळला, तिथं हिरवं झालं. मी चौथी शिकलेली बाई, साठी ओलांडलेली. त्या वेलाची फुलं मी तीस वर्षं देवाला वाहिली आणि त्यांच्यात एवढी अक्कल आहे हे मला माहीतच नव्हतं. माझ्याकडे ब्लाउजच्या अस्तराचं पांढरं कातरण ढीगभर पडलेलं असे. ते मी तिला दिलं. त्या दिवसापासून माझं कातरण, माझी फुलं आणि तिचं ज्ञान, असा आमचा कारखाना सुरू झाला. चिंध्या अर्कात भिजवायच्या, सावलीत वाळवायच्या, डब्यात भरायच्या. उन्हात वाळवल्या की ती माझ्यावर डाफरायची. ऊन रंग खातं म्हणे.

तर ही कौतिकअक्का पिंपळनेरकडची. लग्न होऊन नवऱ्यामागं विदर्भात गेली, तो तिकडे कोळशाच्या खाणीत कामाला होता. छताचा दगड पडून तो खाणीतच वारला. मूलबाळ नव्हतं. त्याच्या जागी हिला नोकरी लागली. बाईमाणसाला खाली पाठवता येत नाही, म्हणून तिला पाठवलं चुन्याच्या शेडवर. तिथं कोणी टिकत नसे. चुन्यानं हातांची सालं निघायची, डोळे चुरचुरायचे. साहेबांना वाटलं, ही बाई महिन्याभरात जाईल गावाला निघून. अक्का तिथं निवृत्त होईपर्यंत राहिली आणि मग इकडे पिंप्राळ्यात भाच्याकडे आली.

खाणीचं पाणी म्हणजे काय हे मला तिनं ओट्यावर बसून सांगितलं, तुम्हालाही सांगते. कोळशाच्या दगडात पिवळी चमकी असते, सोन्यासारखी. ती जमिनीत आहे तोवर गप्प. खाण खोदली, वारा लागला, पाणी लागलं की ती चमकी कुजते आणि पाणी आंबट होतं. लिंबासारखं नव्हे, तेजाबासारखं. लोखंडी पंप सहा महिन्यांत चाळणी. आणि दिसायला ते पाणी कसं? तळाचे खडे मोजावेत असं नितळ. शेवाळ नाही, किडा नाही, मासा नाही. अक्काचं एक वाक्य मी तिच्याकडून शंभरदा ऐकलं असेल, "जे पानी आरसा मायेक दिसस, त्यामा हात घालानं नई." आरशासारखं पाणी मेलेलं, जिवंत पाणी थोडं गढूळच असतं, असं तिचं म्हणणं.

त्या पाण्याला चुन्याचं दूध पाजायचं. एकदम नाही, धार धरून, ढवळत. मग ते दगडांवरून खळाळत न्यायचं, म्हणजे वारा लागतो आणि पाण्यात विरघळलेलं लोखंड लाल गाळ होऊन खाली बसतं. तळ्यात पाणी निवळलं की वरचं निवळ नाल्यात सोडायचं. चुना कमी पडला तर नाला मरतो, जास्त झाला तरीही नाला मरतो. यंत्र होतं मोजायला, पण ते निम्मं वर्ष बिघडलेलं. तिथल्याच एका म्हाताऱ्या आदिवासी बाईनं अक्काला गोकर्णीची युक्ती दाखवली होती. एकदा तपासणी येणार म्हणून साहेब म्हणाले, आज चुना दुप्पट टाक, पाणी पांढरंशुभ्र दिसू दे. अक्कानं फावडं खाली ठेवलं. तिची बदली कॅन्टीनला झाली. तीन महिने भाकऱ्या भाजल्या, माफी मागितली नाही. खालच्या गावातली भातखाचरं लाल पडायला लागली तेव्हा साहेब स्वतः भटारखान्यात आले बोलवायला. अक्का म्हणाली, तव्यावरच्या भाकरी संपवून येते. "सायबले इचारीसन काय फायदा, बाई? पानीले इचार," हे त्यावरचं तिचं तात्पर्य.

आता खरी गोष्ट.

नशिराबादच्या अलीकडे, महामार्ग सोडून आत गेलं की खडीची एक जुनी खदाण आहे. दगड काढणं बंद होऊन जमाना झाला. तिच्यात बारमाही पाणी साठलेलं, आणि काठावर पन्नासेक घरांची वस्ती. पिण्याचं पाणी टँकरनं येतं, पण धुणं, भांडी, गुरं सगळं त्या खदाणीवर. माझी भाची संगीता तिथं दिलेली, तिच्या तीन म्हशी. उन्हाळा लागता लागता तिचा फोन आला. मावशी, म्हशींच्या कासेला फोड आलेत, एक पारडू गेलं, आणि माझ्या साड्यांना भोकं पडतायत. मी अक्काला सांगितलं. तिनं तोंडातली तंबाखू थुंकली, चिंध्यांचा डबा पिशवीत टाकला आणि रिक्षा बोलाव म्हणाली.

खदाणीचं पाणी मी आधीही पाहिलं होतं, हिरवट, जलपर्णीनं भरलेलं, बेडकांचं. त्या दिवशी ते आरशासारखं होतं. काठाच्या काळ्या दगडांवर विटकरी रंगाचे ओघळ. अक्का काठावर बसली, काठीच्या टोकाला चिंधी बांधून पाण्यात सोडली. वर काढली तेव्हा ती जास्वंदीसारखी लालगुलाबी होती. आयुष्यभर आंबट पाणी पाहिलेली बाई, पण तिनं दुसरी चिंधी काढून पुन्हा बुडवली. मग संगीताला विचारलं, रात्री-पहाटे गाड्या येतात का इथं? संगीता म्हणाली, येतात ना, पलीकडच्या कारखान्याचे टँकर. तिथं लोखंडी तारा तेजाबात धुतात. पण ते सांगतात की साधं पाणी आहे.

सरपंच भाऊंकडे गेलो. माणूस वाईट नव्हता, पण त्याला सगळ्यांशी गोड राहायचं होतं. कारखान्याच्या मॅनेजरचं त्याच्याकडे आधीच येणं झालं होतं. म्हणाला, अक्का, काळजी कशाला, कारखानेवाले भले लोक आहेत, खदाण मुरूम टाकून बुजवून देतो म्हणतात, वर सभामंडप बांधू. अक्कानं विचारलं, आणि आमच्या संगीतानं म्हशी कुठं न्यायच्या, मंडपात? सरपंच हसला. म्हणाला, तुम्ही जळगावच्या पाहुण्या, वस्तीचं वस्ती बघेल. त्यावर ती जे म्हणाली ते मी आजही विसरले नाही. आवाज चढवला नाही, बोट दाखवलं नाही. "भाऊ, मना मानूस खदानमा गया. मी तठे पानी जितं ठेवं. हाई खदान मी बुजू देवाव नई." बुजवलं तर तेजाब काही मरत नाही, ते मुरमाखालून झिरपत विहिरींना लागतं, हे तिनं मला परतताना रिक्षात सांगितलं. सरपंचाला सांगायची तिला गरज वाटली नाही.

वस्तीत कुजबुज झाली. बायांनी तक्रारीचा कागद केला, संगीतानं तो तालुक्याला नेऊन दिला. मग पाण्याची तपासणी करायला साहेब येणार असं ठरलं, आणि त्याच्या आदल्या दिवशी कारखान्याकडून कळीच्या चुन्याची एक ट्रॉली आली. फुकट. मॅनेजर स्वतः हजर. सरपंचानं नारळ फोडला, ट्रॉलीच्या चाकाला कुंकू लावलं, फोटो काढले आणि सगळा चुना धुण्याच्या घाटाच्या पायऱ्यांवरून एका दमात पाण्यात ओतला. पाणी उकळल्यासारखं फसफसलं, वाफा निघाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायांना वाटलं झालं काम. संगीतानं आनंदानं फोन केला, तर अक्का तिलाच रागावली. "चुना चाटाना ऱ्हास, गियाना नई."

पानाला चुना बोटानं चाटवतात, मूठभर गिळला तर तोंड भाजतं, असा तिचा हिशेब. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही तिथं हजर. अक्कानं फावड्यानं तळातलं एक ढेकूळ वर ओढलं. वरून विटेसारखं लाल, घट्ट कवच आलेलं. दगडावर आपटून फोडलं, आत पांढरंफेक. आंबट पाण्यातलं लोखंड चुन्यावर थापलं गेलं होतं, आतला चुना आत कोंडला तो कोंडलाच. आणि जो बारीक भुगा होता तो सगळा घाटापाशीच विरघळलेला. घाटाचं पाणी दुधट दिसत होतं, मधलं पाणी होतं तसंच आरसा.

साहेब आले. मध्यमवयीन, घामाघूम, कटकट नको असलेला माणूस. बरोबर मॅनेजर, सरपंच, हातात यंत्र. पायऱ्यांवर उभं राहून त्यांनी बाटली भरली, यंत्र बुडवलं आणि म्हणाले, आम्ल तर अजिबात नाही. मॅनेजर वस्तीकडे वळून म्हणाला, बघा, उगाच बदनामी करता. आता लोकांच्या मनात भीती बसली आहे, तर बुजवून टाकणंच बरं.

दोघी-तिघींनी घरची वाट धरली. यंत्रापुढं बोलायचं काय? अक्का गर्दीतून पुढे आली. तिनं माझ्याकडे हात केला, "बाई, हयदनी दे." मी पिशवीतून हळदीत रंगवलेली चिंधी दिली. तिनं ती घाटाच्या पाण्यात बुडवून साहेबांपुढं धरली. पिवळी चिंधी कुंकवासारखी लाल झाली होती. हे आपल्या सगळ्या बायांना माहीत आहे, हळदीचा डाग साबणानं लाल होतो, हळदीत चुना कालवून कुंकू करतात. अक्का म्हणाली, "सायेब, आठे चुना टाकेल शे. भलता टाकेल शे. हाई पानी म्हसले पाजं ते ती बी मरी." साहेबांनी यंत्राकडे पुन्हा पाहिलं. आकडा मघाशी त्यांनी पूर्ण वाचलाच नव्हता. आम्ल नाही, एवढंच बघितलं होतं, दुसऱ्या टोकाला किती गेलं ते नाही.

मॅनेजर म्हणाला, अहो साहेब, या अडाणी बाईच्या फडक्यावर तुम्ही... अक्कानं त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. बाटलीला दगड आणि दोरी बांधून तिनं तयारच ठेवली होती. म्हणाली, "आठे नई, सायेब. तठे, मझार." आणि दोरी साहेबांच्याच हातात दिली. तो माणूस दोरी धरून उभा राहिला. एकीकडे मॅनेजर, एकीकडे पन्नास बाया. खरं सांगते, त्याच्याजागी मी असते तर दोरी टाकून पळाले असते. पण त्याला काय वाटलं कोण जाणे, कदाचित ही म्हातारी पाणी समजते हे त्याच्यातल्या शिकलेल्या माणसाला पटलं असेल. त्यानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, कपारीवर गेला आणि मधल्या पाण्यात बाटली फेकली. त्या पाण्यात यंत्र बुडवलं, तसं त्याचं तोंड उतरलं. अक्कानं निळी चिंधी बुडवली. लालगुलाबी. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. साहेबांनी खाली बसून कागदावर लिहायला घेतलं आणि लिहिताना मॅनेजरकडे पाहिलं नाही.

टँकर बंद झाले. कारखान्याला पुढं काय झालं ते आम्हाला कोणी सांगितलं नाही, आणि मॅनेजर अजून त्याच गाडीतून फिरतो. पण बुजवायची भाषा थांबली. आणि पाणी? ते तसंच होतं. सरकारी कागदानं पाणी गोड होत नाही. सरपंच म्हणाला, आता पाऊस येईल, होईल हळूहळू. अक्का म्हणाली, पावसानं उरलेलं विहिरीत जाईल. मग आम्हीच लागलो.

आधी बादलीचा हिशेब. खदाणीच्या मधल्या पाण्याची एक बादली, तिच्यात चुन्याचं दूध चमच्या-चमच्यानं, प्रत्येक चमच्याला चिंधी. गुलाबी, जांभळी, मग निळी. चमचे मोजले. नंतर दोरी सोडून खदाणीची खोली, पावलं टाकून लांबी-रुंदी, आणि कोळशानं भिंतीवर गुणाकार. शाळा न शिकलेली बाई, पण खाणीत आकडेमोड शिकली होती. जळगावात चुन्याचे जुने व्यापारी आहेत रशीदभाई, त्यांच्या दुकानी आम्ही दोघी गेलो. त्यांनी पोती दाखवली. अक्कानं चिमूटभर चुना ओल्या तळहातावर घासला आणि म्हणाली, भाई, हा वारा लागून मेलेला चुना आहे, भिंतीला द्या, माझ्या पाण्याला नको. रशीदभाई पिढीजात धंद्यातले, ते तिच्याकडे बघतच राहिले. आतून ताजी पोती काढून दिली आणि गाडीही दिली, वर म्हणाले, "आपा, आप पहले मिली होतीं तो मैं आपको दुकान पर बिठा देता." अक्का खूश. दुकानावर बसायला तिला सवड कुठं होती?

वस्तीतल्या बायांनी पिंपांत चुना कालवला, फडक्यातून गाळला, आणि बांबूंच्या तराफ्यावर पिंप ठेवून बारीक धारेनं खदाणभर फिरवला. संगीताच्या नवऱ्यानं डोकं लढवलं, शेतातली ठिबकची नळी आणून पसरली. केळीला चालतं तर खदाणीला का नाही? आमच्या जळगावच्या माणसाला कुठलीही अडचण आली की तो ठिबक लावतो. तासाभरात सगळी भोकं चुन्यानं बुजली. अक्का पोट धरधरून हसली आणि मग ती नळी काढून चांगला मोठा पाइप जोडून, मोटरीनं पाणी उचलून दगडांवरून परत खदाणीत पाडायला लावलं. वारा लागायला हवा ना. आठ-दहा दिवसांत आरसा फुटला. पाणी आधी शेवाळी, मग चहासारखं, मग वर निवळत गेलं आणि खाली लाल गाळ बसत गेला. रोज सकाळी अक्का चिंधी धरायची आणि बाया भोवती उभ्या राहायच्या, आरतीला राहतात तशा. ज्या दिवशी मधली चिंधी निळी राहिली त्या दिवशी संगीता रडली. अक्कानं तिला दटावलं, रडते कशाला, अजून गाळ काढायचा आहे.

गाळावरून तिनं शेवटचं भांडण केलं. बाया म्हणाल्या, राहू दे की तळाशी. ती म्हणाली, तळाशी राहिला तर पुन्हा कोणी तेजाब ओतलं की हाच गाळ विरघळून वर येईल. उथळ बाजूचा गाळ काढून काठावर प्लास्टिकच्या ताडपत्रीवर रचला. मग एक दिवस लाल चिखलाचं घमेलं डोक्यावर घेऊन ती कारखान्याच्या फाटकाशी गेली. मी मागे. वॉचमननं अडवलं तर तिथंच बसली. मॅनेजर बाहेर आला, तेव्हा घमेलं त्याच्या गाडीपुढं ठेवलं. "हाई तुमनं शे. तुमीच ठेवा." तो ओरडला, पोलिसांची धमकी दिली. ती तंबाखू मळत होती. दुसऱ्या दिवशी ती दोन घमेली घेऊन गेली, तिसऱ्या दिवशी वस्तीतल्या सगळ्या बाया आपापलं घमेलं घेऊन. चौथ्या दिवशी कारखान्याची गाडी गाळ न्यायला आली.

ते पाणी अक्कानं कोणाला पिऊ दिलं नाही. साबणाला फेस येत नाही, चुन्यानं पाणी जड झालंय, कपडे कडक होतील, हेही तिनं लपवलं नाही. म्हशींनासुद्धा पावसाळा होऊन पाण्यात बेडकांची पिल्लं दिसेपर्यंत बंदी. संगीता रोज काठावर वाकून बघायची आणि फोनवर सांगायची, नाही दिसली मावशी, आज पण नाही.

पावसाळ्यानंतर अक्का आजारी पडली. छाती आयुष्यभराच्या चुन्यानं भरलेली, डॉक्टर म्हणाले आता फार नाही. भाच्याच्या घरी, समोरच्या गल्लीत, खिडकीपाशी तिची खाट होती. भाचा सुरेश चांगला मुलगा, आत्याचं सगळं केलं त्यानं. त्या दुपारी तिचा श्वास उथळ झाला तेव्हा त्यानं देव्हाऱ्यातून गंगाजलाचा सीलबंद गडू आणला, डोळे पुसत झाकण फोडलं आणि चमचा तिच्या तोंडाजवळ नेला. तिनं ओठ मिटून घेतले. सुरेश घाबरला. मला कळलं. तिचा हात कमरेकडे, पिशवीकडे जात होता. मी चिंधी काढली आणि गडूत बुडवून तिच्या डोळ्यांपुढं धरली. सुरेश म्हणाला, मावशी, गंगाजल आहे ते. मी म्हटलं, तिला माहीत आहे. चिंधी निळी होती. तिनं मान हलवली, पण तोंड उघडलं नाही. पुटपुटली, "खदाननं?"

संगीता त्याच वेळी दारात उभी होती. तिच्या हातात पाण्याची बाटली, पळत आल्यानं धापा टाकत होती. बाटलीत पाणी जरा गढूळ, हिरवट, आणि त्यात काळे शेपटीवाले चार ठिपके वळवळत होते. बेडकाची पिल्लं. मी बाटली अक्काच्या तोंडासमोर धरली. किती वेळ बघत होती ती. मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ओठ उघडले.

सुरेश म्हणाला, अहो, खदाणीचं पाणी, आणि या वेळी? आत्याच कोणाला पिऊ देत नव्हती ना? त्यावर ती म्हणाली, अगदी स्पष्ट, "आते माले कसानं भेव?"

मी आधी चिंधी बुडवली. तिनं शिकवलंय, कोणाच्याही पाण्याला सूट नाही. निळी राहिली, काठाला किंचित हिरवट. मग पिल्लं सांभाळून चमचाभर पाणी तिच्या जिभेवर सोडलं. तिनं ते तोंडात घोळवलं, चहाची चव घ्यावी तसं. कपाळाला आठी पडली. मी कान जवळ नेला.

"चुना," ती म्हणाली, "मूठभर जास्ती व्हई गया."